राष्ट्रपतींची खाट

विधेयक आलं तेव्हा राष्ट्रपती मोहाच्या झाडाखाली खाटेवर आडवे होते. सकाळचा सडा पडून गेला होता, तरी मागं राहिलेलं एखादं फूल अजून टपकत होतं. त्या गोडसर वासानं डोळे जड झाले होते. इचोड्याच्या हायवेवरचे ट्रकसुद्धा कुठल्यातरी दूरच्या देशातून चालल्यासारखे वाजत होते.

राष्ट्रपती म्हणजे खुशाल मास्तर. जन्मभर पोरांना नागरिकशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले. संविधान दिनाला विहारात भाषण ठोकून आले आणि त्याच तारेत घराचीही घटना जाहीर करून बसले. मुलगा हर्षदीप आणि सून प्रगती ही लोकसभा. त्यात प्रगती प्रधानमंत्री, कारण घर तीच चालवायची. बायको पंचफुला राज्यसभा, कारण ते सभागृह कधी बरखास्त होत नाही. आणि सगळ्यांच्या वर आपण स्वतः! राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं वागतात, हे वाक्य मास्तरांनी किती पोरांकडून घोकून घेतलं असेल. पण त्याचा अर्थ बिनसाखरेचा चहा पुढ्यात आला तेव्हा कळला.

आता हे विधेयक. मोह तोडायचा, तिथं कारसाठी शेड घालायचं.

"लोकसभेत पास झालं, बाबा," हर्षदीप म्हणाला. "नवी गाडी पुरी चिकट होऊन राह्यली."

"राज्यसभा मंजूर करनार नाही!"

"आईनं तर चर्चा बी नाही केली. लगेच हो म्हनली."

मास्तर उठून बसले. "काऊन वं, पंचफुले?"

"काऊन म्हंजे?" पंचफुलाबाई झाडू घेऊनच बाहेर आल्या. "सकाळी फुलं मी झाडून राह्यली, अन् दुपारी त्याच्याखाली तुमी घोरून राह्यले. मले काय हाये त्या झाडाचं?"

मास्तरांची आई मजुरीवर जायच्या आधी याच झाडाखाली फुलं वेचायची, आणि अजूनही खाटेवर डोळे मिटले की तिच्या पदराचा वास यायचा. पण हे भर संसदेत सांगायचं कसं?

"मी हे पुनर्विचाराले वापस धाडतो," ते म्हणाले.

"धाडा ना," प्रगती हसली. "आमी पुन्हा पाठवू. मंग संमती द्याच लागन. तुमच्याच वर्गात शिकली मी, बाबा."

मास्तर पुन्हा आडवे झाले. डोळा लागता लागता, जागेपणी कधी न सुचलेली गोष्ट त्या गुंगीत अलगद वर तरंगत आली. संमती कधीपर्यंत द्यायची, याची मुदत घटनेत कुठंच नाही!

"विधेयक विचाराधीन हाये," डोळे न उघडता ते म्हणाले आणि घोरू लागले.

दुसऱ्या दिवशीही विचाराधीन. पुढच्या आठवड्यातही. झाड तोडणारे कुऱ्हाडी घेऊन आले, चहा पिऊन परत गेले. गाडी रोज सकाळी फुलांखाली गडप व्हायची.

"मंग महाभियोग!" प्रगती कडाडली. "दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश."

लोकसभेत दोन्ही हात वर झाले. राज्यसभेत सदस्य एकच. तिचा हात वर झाला की राष्ट्रपती जाणार आणि पाठोपाठ झाडही.

"उद्या दुपारी देते मत," पंचफुलाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर मास्तरांनी खाट झटकली, उशी ठेवली. "मत देयाच्या आधी जरा पडून पाह. विषय तर समजून घे."

"मले नाही येत दुपारची झोप."

"कधी पडून पाह्यलं?"

"कोन पडू देल्लं?"

मास्तरांनी उशी पुन्हा थोपटली. पंचफुलाबाई अवघडून टेकल्या, मग आडव्या झाल्या. पानांमधून ऊन तोंडावर हलत राहिलं. लोकसभा मत घ्यायला आली, तेव्हा राज्यसभा तोंड उघडं टाकून झोपली होती.

उन्हं उतरल्यावर त्या जाग्या झाल्या. बराच वेळ वरच पाहत राहिल्या.

"महाभियोग नामंजूर. झाडाले हात लावाचा नाही."

"पाह्यलं!" मास्तर टाळी वाजवून म्हणाले.

"अन् आजपासून दुपारची खाट राज्यसभेची."

"अन् मी?"

"तुमी विचाराधीन."

दुसऱ्या दुपारी राष्ट्रपती उन्हात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. एक फूल गिरक्या घेत आलं आणि पंचफुलाबाईंच्या कपाळावर टेकलं. ते उचलायला मास्तरांचा हात पुढं गेला, आणि तसाच मागं आला. सभागृहाच्या कामकाजात ढवळाढवळ करायचा अधिकार राष्ट्रपतींना नव्हता.