एक कान घराला

माझी शाळा चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं आणि अक्षर माझ्या पहिल्या पोळीसारखं, कुठं जाड कुठं पातळ. कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. पण पोपटभाऊ मी जवळून बघितलेत, म्हणून लिहिते.

गल्लीत शेजारी साखर मागतात, विरजण मागतात. पोपटभाऊ माझ्याकडे पोळपाट मागायला आले. तेही दोन. मी अंबडच्या कारखान्यातल्या कामगारांना डबे द्यायचे, त्यामुळे माझ्याकडे तीन होते.

"एवढ्या पोळ्या कुणासाठी?" मी कसंबसं विचारलं. मला बोलायची सवय कमी.

"पोळ्या नाय ताई. डीजे शिकतोय."

वय बावन्न. मूळ गाव नांदगावकडचं. तीस वर्षं बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलेला माणूस. मग लोक लग्नाला डीजे सांगायला लागले. एका लग्नसराईत बँडला चारच सुपाऱ्या आल्या. बँडमास्तरांनी लाल कोट बोहारणीला घालून दोन पातेली घेतली. बाकीचे वाजवणारे कारखान्यात लागले. पोपटभाऊ म्हणाले, "मी वाजवणारच. तोंडानं नाय तर बोटानं."

मशीन घ्यायला पैसे नव्हते. होता फक्त हेडफोन. ओट्यावर दोन पोळपाट मांडायचे, मध्ये पुठ्ठ्यावर पेनाने काढलेली बटणं. हेडफोनची वायर सदऱ्याच्या खिशात. एका पोळपाटावरचं गाणं 'बाहेर' वाजतंय, दुसऱ्यावरचं 'कानात' ऐकायचं आणि दोघांची पावलं जुळवायची, असा तो सराव. गल्ली ओट्यासमोर उभी राहून बघायची.

"पोपटराव, आवाज वाढवा की," कुणीतरी म्हणायचं.

"लाइट नाय," ते म्हणायचे. आणि लोडशेडिंगमुळे लाइट खरंच नसायची.

हेडफोन ते एकाच कानाला लावायचे. दुसरी बाजू डोक्यावर सरकवलेली. मी बघतेय म्हटल्यावर म्हणाले, "एक कान गाण्याला, एक कान घराला."

घरात त्यांची बायको, यमुनावहिनी. झटका आल्यापासून त्यांची वाचा गेली होती, उजवी बाजूही गेली होती. काही हवं असलं की डाव्या हाताने चमच्याने वाटी वाजवायच्या. दोनदा टिंग म्हणजे पाणी, तीनदा म्हणजे कूस बदला. पहिली टिंग संपायच्या आत पोपटभाऊ आत गेलेले असायचे.

त्यांना मोजायचा नाद लागला. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत ते प्रत्येक गोष्टीचे मिनिटाला किती ठोके ते मोजायचे. एकदा माझ्या दारात थांबून म्हणाले, "ताई, तुमचं लाटणं आज एकशेवीसवर चाललंय. काही टेन्शन हाय का?"

खरंच होतं. त्या दिवशी तीस डबे जास्त होते.

मग देवळाली कॅम्पात कुणाची तरी बदली झाली आणि त्याचं मशीन विकायला निघालं. पोपटभाऊंनी क्लॅरिनेट विकलं, सायकल विकली. तरी सहा हजार कमी पडत होते. माझ्याकडे बरोबर सहा हजार होते, घरघंटीसाठी साठवलेले. रोज दहा किलो दळण डोक्यावर न्यायचे, ते त्या घरघंटीने सुटणार होतं.

आमचे हे म्हणाले, "दे. पण समज, पैसे पिपाणीत फुंकले."

मी दिले. का दिले ते सांगता यायचं नाही. पोळपाट परत करताना त्यांनी ते धुऊन, उन्हात वाळवून, वर हळदकुंकू लावून आणले होते. असा माणूस पैसे बुडवणार नाही, एवढं मला वाटलं.

पहिली सुपारी अंबडलाच, संध्याकाळच्या वरातीची. मी वहिनींजवळ बसले होते. वरात आमच्याच रस्त्याने आली, म्हणून खिडकीतून सगळं दिसलं. टेम्पोत मशीन, मशीनमागे पोपटभाऊ. गाणं रंगात आलं आणि तीस वर्षांची सवय त्यांच्या पायात शिरली. ते खाली उतरले आणि बँडवाल्याच्या चालीने नवरदेवाच्या पुढे चालू लागले. गाणं संपलं. दुसरं लावायला टेम्पोत कुणीच नाही. वरात थांबली, आणि पोपटभाऊ मात्र तालात पुढे.

पार्टीने निम्मे पैसे कापले. माझी घरघंटी मला दूर जाताना दिसली.

"जमतंय, ताई," पोपटभाऊ म्हणाले. "पायांना हे नवीन हाय ना, शिकतील." पुढच्या वरातीला त्यांनी परकराच्या नाडीने डावा पाय टेम्पोच्या कडीला बांधला.

आणि जमलं. गर्दी काय मागते यापेक्षा ते पायांकडे बघायचे. नवरदेवाची आजी नाचायला उतरली की हळूच गाण्याचा वेग उतरवायचे, आजीला कळायचंही नाही. म्हाताऱ्या बायका घरी सांगायच्या, "तो नाडीवाला डीजे बोलवा." तारखा भरायला लागल्या. दर महिन्याला ते दोनशे, कधी तीनशे आणून द्यायचे. एखादा महिना चुकला तर स्वतःच रागवायचे, "मागत जा ना, ताई. तुम्ही मागत नाय म्हणून पैसे राहतात." मला मागता आलं नाही.

वहिनी गेल्या, त्या वर्षी पैसे थांबले. पोपटभाऊ ओट्यावरही बसेनात. मी डबा ठेवून यायचे. सहा महिन्यांनी ओट्यावर पुन्हा मशीन दिसलं, आणि पैसेही पुन्हा यायला लागले.

परवा ते शेवटचे पाचशे घेऊन आले. हेडफोन गळ्यातच होता. एका बाजूचा स्पंज झिजून पिवळा पडलेला. दुसरी बाजू नवीकोरी, दुकानातून आणल्यासारखी. वहिनींना जाऊन दीड वर्ष झालं होतं.

मी त्यांच्यासाठी शिऱ्याची वाटी आणली. खाली ठेवताना चमचा वाटीवर आपटला. दोनदा.

पोपटभाऊ उठून दारापर्यंत गेले. तिथे चौकटीला हात लावून थांबले. मग परत येऊन बसले आणि घड्याळाकडे बघत राहिले.

मी चमचा वाटीतून काढून पदरात धरला.

"मोजून घ्या, ताई," ते म्हणाले.

मी एकेक नोट सावकाश मोजली. पाचशे होते. सहा हजार पूर्ण झाले.