बाबांचा डावा पाय

निबंध होता ‘माझे बाबा’. रफ वहीत, पेन्सिलनं. तिसरं वाक्य वाचलं आणि बाबांना चहाचा ठसका लागला.

‘माझे बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. ते कधीच उशीर करत नाहीत. शनिवारी ते मामाच्या बँडमध्ये उभे राहतात.’

"उभे राहतात?" बाबा ओरडले. "अगं, मी बेस गिटार वाजवतो! चार तारांची!"

"हो, पण ऐकू कुठे येते?" मुलगी खोडरबर चावत म्हणाली. "मामाची येते. मामा लोकांमध्ये येतो, केस उडवतो. तू त्या कपाटाशेजारी उभा असतोस."

"कपाट नाही ते! स्पीकर आहे!"

"सोमवारी पेनानं उतरवायचाय. तोवर काही केलंस तर बदलते."

मामा म्हणजे बाबांचा मेहुणा. आठवडाभर चष्म्याच्या दुकानात काचा पुसायचा आणि शनिवारी गिटार गळ्यात अडकवली की स्वतःला कोण समजायचा कुणास ठाऊक. बँड काढला बाबांनी, लोक म्हणायचे मामाचा बँड. त्याची गिटार बिनवायरची. सोलो आला की स्टेजवरून उडी टाकून थेट तिसऱ्या रांगेत. लोक मोबाईल काढायचे. बाबांची सख्खी बायकोसुद्धा काढायची! बाबांचा एकच व्हिडिओ होता. त्यात त्यांचं कोपर होतं. तेही अर्धं.

बाबांच्या पोटात दुखायचं, पण तोंडानं प्रवचन चालू. "बेसवाल्यानं ड्रमला चिकटून उभं राहायचं. कमी वाजवायचं. बोटं शिवशिवली तरी गप्प बसवायची. इमारतीचा पाया कधी गच्चीवर जाऊन नाचतो का?"

ड्रम वाजवायचा टायरवाला. टायरच्या दुकानात होता म्हणून टायरवाला. हात दणकट, पण मोजायला लागला की तीननंतर थेट पाच. बाबांनी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मोजूच नकोस. माझ्या डाव्या पायाकडे बघ. तो आपटला की तू हाण." सहा वर्षं तो तेच करत होता. बाबांच्या चपलेचा अंगठा तुटलेला बाबांच्या आधी त्याला दिसला होता.

पण निबंध वाचल्यावर प्रवचन गेलं खड्ड्यात. बाबांनी लिफ्टच्या सामानातून वायर काढली, दोन्ही टोकांना पिना जोडल्या आणि गिटारच्या सहा फुटांच्या वायरऐवजी साठ फुटांची तयार केली.

"एवढी कशाला हो?" बायकोनं विचारलं.

"तुझा भाऊ तिसऱ्या रांगेपर्यंत जातो ना? मी सातव्या रांगेत जाणार. पोरीला तिथेच बसव."

शनिवारी दुपारी बायकोच्याच ऑफिसचा कार्यक्रम होता. पहिल्या रांगेत तिच्या मोठ्या मॅडम, पायाशी सुटकेसएवढी पर्स. सातव्या रांगेत मुलगी. तिसरं गाणं सुरू झालं. संथ, विरहाचं, लोकांनी डोळे मिटावेत असं. सोलो आला. मामानं उडी मारली. त्याच्यामागून बाबांनीही मारली.

"दाजी, तुम्ही कुठे?"

"फिरायला!"

टायरवाल्यानं बघितलं. पाय चालला होता! पाय चालायला लागला तर काय करायचं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मग त्यानं सहा वर्षं केलं तेच केलं. पाय पडला की हाण.

बाबा झपाझप निघाले. विरहाचं गाणं सुटलेली बस पकडायला पळावं तसं पळायला लागलं. मामाच्या बोटांच्या गाठी झाल्या.

"हळू! दाजी, हळू!"

जळतोय लेकाचा, बाबांना वाटलं. त्यांनी वेग वाढवला.

तेवढ्यात मोठ्या मॅडमची पर्स आडवी आली. बाबा थांबले. ड्रम थांबला. कीबोर्ड थांबला. हॉलमध्ये चिडीचूप.

"जरा पर्स घेता का, मॅडम?"

मॅडमनी पर्स ओढली. बाबांनी ढांग टाकली. धाड! पुढे खुर्च्यांमधून तिरकं, बारक्या पावलांनी जायचं होतं. टपटपटपटप. सहाव्या रांगेपाशी वायर एका खुर्चीत गुंतली आणि संपली. बाबांना हिसका बसला. ते एका पायावर लंगडी घालत मागे आले. धप, धप, धप! एकही लंगडी टायरवाल्यानं सोडली नाही. शेवटी खुर्ची आडवी, बाबा आडवे, आणि अगदी त्याच क्षणी झांजेवर झण्णकन दणका.

लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. त्यांना वाटलं, सगळं बसवलेलंच आहे. तिसऱ्या रांगेत मामा केस उडवत राहिला. बघायला कुणी नव्हतं. मोबाईल सगळे सहाव्या रांगेकडे.

कार्यक्रम संपताच मामा टायरवाल्यावर धावून गेला. "डोकं आहे का तुला? त्यांच्यामागे कशाला पळालास?"

"मग कुणाकडे बघू? सगळेच दाजींच्या पायाकडे बघतात."

कीबोर्डवाल्यानं मान डोलावली.

"मी नाही बघत!" मामा म्हणाला.

"बघत नाहीस? मग सोलो संपवून कुठे परत यायचं ते तुला कसं कळतं?" टायरवाल्यानं विचारलं.

मामानं बराच वेळ गिटार पुसली.

सोमवारी सकाळी निबंध पेनानं उतरवून झाला होता. बाबा वाचायला लागले. ‘शनिवारी ते मामाच्या बँडमध्ये उभे राहतात. त्यांनी उभंच राहावं. ते चालले की सगळा बँड त्यांच्यामागे पळतो.’

बाबांनी तीनदा वाचलं. मग हळूच विचारलं, "ते ‘मामाच्या’ तेवढं खोडता येईल का गं?"

"पेन आहे, बाबा."

मामा चष्मा द्यायच्या निमित्तानं डोकावला होता. त्यानंही वही ओढून वाचली. "आणि माझ्याबद्दल?"

"तुझे केस छान आहेत," मुलगी म्हणाली, "पण निबंध बाबांवर आहे."

पुढच्या सरावाला बाबा कपाटाशेजारी, सहा फुटांच्या वायरवर. मामानं त्या दिवशी एकही उडी मारली नाही. ड्रमला खेटून उभा राहिला आणि पाय आपटत बसला.

"टायर, जरा इकडे बघ ना. मीपण ठोका देतोय."

"थांब रे," टायरवाला मान वर न करता म्हणाला. "दाजींनी नवीन लाल बूट घेतलेत."