सुमनवहिनींची ठरलेली संकटं

आमच्या घोडपदेवच्या चाळीत दर अमावास्येला सकाळी आठ वाजता संकट येतं. आठ म्हणजे आठ. नळाचं पाणी मागेपुढे होईल, पण संकट होत नाही. कारण ते सुमनवहिनी स्वतः आणतात.

तळमजल्यावर त्यांचं पोळीभाजी केंद्र आहे. रोज एकोणचाळीस डबे बाहेर पडतात आणि त्यातले बहुतेक एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे. कुणाची मुलं डोंबिवलीला, कुणाची दुबईला. तर अमावास्येला वहिनी पदर खोचून दारात उभ्या राहतात आणि जाहीर करतात, "धरून चाला, आज गॅस नाय."

गॅस असतो. भरलेले दोन सिलिंडर भिंतीशी उभे असतात. पण त्यांना हात लावायचा नाही. पोळ्या करणारी रेखा कपाळाला हात लावते आणि लाल वही काढते. कुठलं संकट आल्यावर कोणी काय करायचं, ते सगळं त्या वहीत लिहिलेलं आहे. गॅस नाही या पानावर चाळीतल्या सगळ्या इंडक्शन शेगड्यांची यादी आहे. माझ्या नावापुढे लिहिलंय, 'दुसरा मजला, शेगडी एक, माणूस अर्धा.' अर्धा का, म्हणून मी एकदा विचारलं.

"गुडघ्यामुळे हो भावोजी," वहिनी म्हणाल्या. "संकटात खोटा हिशेब चालत नाय."

अमावास्याच का, याचंही त्यांचं उत्तर तयार आहे. अमावास्येला चाळीत कोणी नवं काम काढत नाही, त्यामुळे कोणाला 'मी बिझी आहे' म्हणायची सोय राहत नाही. म्हणजे डोकं बघा बाईचं. मी आयुष्यभर ऑफिसात नोकरी केली, पण आमच्या एकाही साहेबाला हे सुचलं नसतं.

एकदा संकट होतं, 'धरून चाला, पाटकर आला नाय.' पाटकर स्कूटरवरून डबे पोचवतो. तो आला होता. स्कूटरवर बसून वडापाव खात होता आणि सहा डब्यांच्या पिशव्या घेऊन मी करी रोडच्या टॉवरकडे चालत निघालो होतो. जाताना त्याने मला 'सावकाश जा काका' असंही सांगितलं. टॉवरच्या वॉचमनने मला सामानाच्या लिफ्टने पाठवलं. त्या दिवशी मी वहिनींना काय काय म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि वहीत लिहिलं, 'भावोजी चिडतात. पाणी सोबत द्यावे.'

दुसऱ्या एका अमावास्येला लाइट जायचे होते. वहिनींनी मेन स्विच खाली ओढला, तो नेमका अख्ख्या चाळीचा. वर मॅच चालू होती आणि शेवटची दोन षटकं उरली होती. लोक जिन्यावरून जे खाली आले ते बघून वहिनींनी त्यांच्याच हातात पोळ्यांची कणीक दिली. आलेच आहेत तर मळून जाऊ देत, म्हणाल्या.

पण सगळ्यात कठीण संकट 'धरून चाला, मी नाय' हे. त्या दिवशी वहिनी कोपऱ्यातल्या स्टुलावर तोंडाला कुलूप लावून बसतात. रेखाने सगळं एकटीने निभवायचं. पहिली दहा मिनिटं बरी जातात. मग स्टुलावरून आवाज येतो, "मी नाय हां, पण भाजीक मीठ कमी आसा."

"वहिनी, गेलेली माणसं बोलत नाहीत," रेखा म्हणते.

"मेलंय नाय गो. गावाक गेलंय. फोन केलाय असा समज."

हसायला काय जातं आपलं. पण हे वेड त्यांना कशातून लागलं, ते मला ठाऊक आहे. नवरा गेल्यावर त्यांनी हे केंद्र काढलं. तेव्हा सगळे मिळून नऊच डबे होते. एक दिवस अचानक गॅस संपला, दुसरा मिळाला नाही आणि डबे गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी रे रोडच्या एका म्हाताऱ्या मास्तरांकडे त्या माफी मागायला गेल्या. मास्तर म्हणाले, "अहो, त्यात काय. पाणी प्यायलो आणि झोपलो."  आपल्यामुळे एक माणूस उपाशी झोपला, हे त्या बाईला पचलेलं नाही. पुन्हा असं कधीच होऊ द्यायचं नाही, एवढ्या एका गोष्टीसाठी तो सगळा खटाटोप.

आणि मग खरं संकट आलं, तेही अमावास्या नसताना. नळाजवळच्या ओल्या लादीवर वहिनींचा पाय सटकला आणि घोटा मोडला. मी आणि पाटकरने त्यांना खुर्चीत बसवून डॉक्टरकडे नेलं आणि तसंच तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या खोलीत आणून ठेवलं. दीड महिना जिना उतरायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. वहिनींनी फक्त एवढंच विचारलं, "रेखाला पान सापडला काय?"

सापडलं होतं. रेखाने 'मी नाय' हे पान उघडलं आणि सकाळी सहाला कामाला लागली. साडेबाराच्या आत एकोणचाळीस डबे पोचले. दुसऱ्या दिवशी पोचले, तिसऱ्या दिवशीही पोचले. खरं सांगतो, मला वहिनींचा फार अभिमान वाटला. तिसऱ्या दिवशी चार वाजता मी गुडघा सांभाळत वर गेलो, म्हटलं कौतुक तरी करून येऊ.

वहिनींनी एकेका डब्याची चौकशी केली. टॉवरमधल्या आजींना बिनमिठाचं गेलं का, मास्तरांना पोळ्या मऊ होत्या का. मी हो हो म्हणत होतो. मग सहज विचारलं, "तुम्ही जेवलात ना?"

"तर. पोटभर."

"कशी होती भाजी?"

"वालाची उसळ ना? बरी केलेली रेखाने."

 वहीतल्या 'मी नाय'च्या पानावर वहिनींनी वारानुसार भाज्याही लिहून ठेवल्या होत्या आणि त्या दिवशी वालाचीच उसळ होती. पण वाल भिजत घालायचे राहिले, म्हणून रेखाने ऐनवेळी दुधी केला होता. मी खोलीत नजर फिरवली. मोरीत एकही ताट नव्हतं. उशाशी बिस्किटांचा पुडा आणि शेजारणीने दिलेल्या चहाचा कप, एवढंच.

तीन दिवस बाई चहा-बिस्किटांवर होती. एकोणचाळीस नावांत तिचं नाव नव्हतंच. रोज सगळं निघून गेलं की पातेल्यात उरेल ते ती उभ्याने खायची, त्यामुळे तिचा डबा असा कधी भरलाच नव्हता. रेखाला वाटलं चाळीतलं कोणी देत असेल. आम्हाला वाटलं रेखा देत असेल. आणि जिचं जेवणाचंच दुकान, तिला कोण विचारणार, जेवलीस का म्हणून?

"वहिनी, फोन नाही का करायचा?" मी चिडूनच बोललो.

"कामात होती ती माणसं. एक डबा वाढला की पाटकराचा टाइम चुकतो."

मला इतकी लाज वाटली की तिथे बसवेना. खाली जाऊन बायकोला सांगितलं.  मंदाने भात टाकला, बांगड्याचं कालवण गरम केलं, कांदा चिरला आणि झाकलेलं ताट नि कालवणाचं पातेलं घेऊन वर निघाली. मी मागोमाग.

मंदाने त्यांच्यासमोर पाट ओढून त्यावर ताट ठेवलं आणि भातावर कालवण वाढलं. वहिनी ताटाकडे बघत राहिल्या. पहिला घास घेतला, दुसरा घेतला, मग पदराने डोळे पुसले.

"किती वर्सां झाली गो," त्या म्हणाल्या, "माका कोणी वाढल्यान नव्हता."

मंदा रिकामं पातेलं घेऊन उठायला लागली. वहिनींनी तिचा हात धरला.

"जाव नको. मी जेवतंय तवर बस माझ्याकडे."

मंदा बसली. मीही दाराशी बसलो. वहिनी अगदी सावकाश जेवल्या.