पांढरं म्हणजे पीठ नाय

धसई गावातल्या पिठाच्या गिरणीत गॉगल लावून जाणारी एकच बाई मला माहीत आहे. गॉगल उन्हाचा नव्हे, लॅबमधला, चहूबाजूंनी डोळे झाकणारा. नाकाला मास्क, डोक्याला ओढणी आणि हातात तांदळाचा डबा. पहिल्यांदा त्या अशा दारात उभ्या राहिल्या तेव्हा गिरणीवाल्याने घाबरून गिरणी बंद केली. त्याला वाटलं, कसली तरी सरकारी धाड आली. वेखंडे मॅडमनी डबा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "दादा, तुमी पण तोंडाला काय तरी बांधा. दिवसभर पीठ खाताय, तेपण भाकरी न करता."

वेखंडे मॅडम आमच्या ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतात. मी मराठी शिकवतो. कॉलेज म्हणजे धसईच्या पुढे, एसटी जिथे वळून परत फिरते तिथे, हायस्कूलच्या पाठीमागे बांधलेल्या चार खोल्या. त्यातली एक लॅब आणि तिला चिकटून माझा वर्ग. त्यामुळे मी कविता शिकवत असलो की भिंतीपलीकडून मॅडमचा आवाज येत राहतो. "वास नाय घ्यायचा. चव नाय घ्यायची. पांढरं म्हणजे पीठ नाय." माझ्या मुलांना कवितेपेक्षा हेच जास्त पाठ आहे. एकाने परीक्षेत चांदण्याच्या कवितेचं रसग्रहण करताना शेवटी हेच वाक्य लिहिलं. मी त्याला मार्क दिले, कारण उरलेल्या उत्तरात तेवढंही नव्हतं.

गंमत अशी की मॅडम ॲसिडबद्दल फारसं बोलत नाहीत. मी एकदा कारण विचारलं. "ॲसिडची काय काळजी, सर," त्या म्हणाल्या. "त्याला सगळे घाबरून असतात. जे गरीब दिसतं ना, त्याच्याकडं कोण बघत नाय. मग ते उघडं पडतं, ओलं होतं, नाय तर पोरांच्या पोटात जातं."

अशा गरिबांपैकी त्यांची सगळ्यात लाडकी म्हणजे खडूची पावडर. बाटलीवर नाव कॅल्शियम कार्बोनेट. तिने आजवर कुणाचं वाकडं केल्याचं ऐकिवात नाही. तरी तिचा थाट पाहावा. ॲसिडपासून लांब, कोरड्या फळीवर, झाकण घट्ट, नाव समोर. काढायची ती कोरड्या चमच्याने आणि लागेल तेवढीच. जास्त निघाली तर बाटलीत परत घालायची नाही, चिमूटभर मळ गेला तरी अख्खी बाटली बिघडते. सांडली तर आधी पंखा बंद, मग ओल्या फडक्याने टिपायची. झाडू अजिबात नाही. "झाडू म्हणजे पावडरला पंख," असं त्या म्हणतात. आमचे शिपाई बाळूदादा, ज्यांचा उभा जन्म झाडू मारण्यात गेला, ते हे फार मनाला लावून घेतात.

स्टाफरूममध्येही आमची सुटका नाही. साखरेच्या डब्यात कुणीतरी ओला चमचा घातला, तर मॅडमनी चहाच्या सुट्टीत चौकशी बसवली. चमचा माझा होता. मी गणिताच्या सरांकडे पाहत राहिलो, तेव्हा संशय तिकडे गेला.

बोरांच्या दिवसांत तर लॅबवर पहाराच असतो. बारावीचा एक जण मिठाच्या बाटलीशी सापडला. "मॅडम, मीठच हाय ना ते?"

"बाटलीत गेलं की मीठ नाय. सोडियम क्लोराईड."

"आणि बाटलीतून काडलं की?"

आता मॅडम सापडल्या, असं मला वाटलं. "तरी नाय," त्या म्हणाल्या. "त्या बाटलीत कोणी कसला चमचा घातला, ते बघायला तू होतास काय?" पोरगा बोरं तशीच अळणी खात गेला.

मॅडम मूळच्या शेणवे गावच्या. लग्न केलं नाही. कॉलेजजवळ एका खोलीत एकट्या राहतात. आम्ही नवराबायको एकदा चहाला गेलो होतो. हळद, तिखट, पोहे, सगळ्या बरण्यांवर उघडल्याची तारीख. मारुतीच्या तसबिरीसमोर अंगाऱ्याची पुडी होती, तीसुद्धा झाकणाच्या डबीत. माझी बायको बाहेर पडल्यावर म्हणाली, "किती स्वच्छ घर. कोणी येत नसणार."

तर यंदा आमच्या सायन्सच्या वर्गाचा जीव टांगणीला लागला. वर्गाला परवानगी मिळते ती वर्षा-वर्षाची. मुलं कमी, आणि त्यात वरून पत्र आलं की समिती लॅब बघायला येईल. लॅब पसंत पडली तर वर्ग राहील, नाही तर बंद. बंद म्हणजे मुलांनी मुरबाडला जायचं. धसईची मुलं कशीबशी जातील, पण वरच्या पाड्यांवरची मुलगी एसटीसाठी अंधारात उतरून येणार नाही. घरचे सोडणारच नाहीत. मॅडमचीही बदली मुरबाडच्या मोठ्या शाखेत झाली असती. पण त्या रोजच्यासारख्या बाटल्या पुसत राहिल्या.

समितीच्या दिवशी मुख्याध्यापकांनी मुलींना गेटपासून ऑफिसपर्यंत रांगोळ्या घालायला लावल्या. सकाळी मी लॅबवरून गेलो, तर दारात मुलं गोळा झालेली. पुढे होऊन पाहिलं. उंबऱ्याबाहेर हा एवढा मोठा चौक. पाड्यावर लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहितात तसा. कडेला नाचणारी माणसं, झाडं, वर चंद्र-सूर्य. सगळा पांढराशुभ्र. बाजूला अकरावीची यमुना उभी, हातात मोजे, नाकाला मास्क, पायाशी ओलं फडकं तयार. आणि खिडकीत कॅल्शियम कार्बोनेटची रिकामी बाटली, धुऊन, झाकण लावून. चोरी इतकी नियमात झालेली मी पाहिली नव्हती.

समिती ऑफिसात चहा घेत होती. मुख्याध्यापक धावत आले ते एका कोपऱ्यावर पाय देऊनच थांबले. त्यांच्या बुटाखाली एक नाचणारा माणूस गेला. "स्टॉकमधली बाटली रिकामी? तपासणीच्या दिवशी? बाळू, झाडू आण." बाळूदादा झाडू घेऊन आले. इतक्या वर्षांनी त्यांना हक्काचं काम मिळालं होतं.

तेवढ्यात मॅडम आल्या. त्यांनी बाटली पाहिली, खाली पाहिलं आणि यमुनाला विचारलं, "चमचा कोरडा होता?"

"हो मॅडम."

"आणि एवढी सगळी कशाला काढली?"

"थोरीच काडनार होती. पण उरली. उरलेली परत घालायची नाय ना, म्हनून मोठी केली."

मी हसू दाबलं. मॅडम हसल्या नाहीत. "रांगोळी गेटवर घालायची होती. इथं कोणी सांगितली?"

यमुना खाली बघत म्हणाली, "कोनी नाय. गेटवर घातली, हापिसात घातली, मुख्य सरांच्या दारात घातली. तिकरंच रांगोली सपली. तुमचंच दार कोरं रायलं, मॅडम."

मॅडमनी बाळूदादांपुढे हात आडवा धरला. "झाडू नाय," त्या म्हणाल्या. ते ठाऊकच होतं. मी ओलं फडकं उचललं, तर म्हणाल्या, "फडकं पण नाय, सर. ठेवा ते."

मुख्याध्यापक म्हणाले, "अहो, समिती आत कशी जाणार?"

"मागनं."

आणि समिती खरंच मागून गेली. शाळेच्या खिचडीच्या लाकडांच्या ढिगाला वळसा घालून, बाभळीच्या काट्यांतून, मॅडमनी हातात दिलेले मास्क घेऊन. त्यातल्या बाईसाहेबांनी आतून दाराकडे पाहिलं. "हे काय सांडलंय?"

"सांडलं नाही, काढलंय," मॅडम म्हणाल्या. "कॅल्शियम कार्बोनेट. तुमच्या तपासणीत एक बाटली रिकामी दिसेल, ती हीच. काढणारी आमची अकरावीची मुलगी. काढताना तिने काय काय काळजी घेतली, ते तिला विचारा." बाईसाहेबांनी विचारलं. यमुनाने पंख्यापासून हात धुण्यापर्यंत सगळं न अडखळता सांगितलं. मी दाराआड उभा राहून तिचा एकेक नियम बोटांवर मोजत होतो. मराठीच्या तपासणीला मी असं कधी केलं नाही.

समिती मागच्याच वाटेने परत गेली. निकाल पुढे महिन्याभराने आला: वर्ग चालू ठेवावा, रसायनांचं कपाट कुलूपबंद असावं. मुख्याध्यापकांनी पेढे वाटले आणि कुलूपही आणलं. पण त्या संध्याकाळी यातलं काहीच माहीत नव्हतं. वर्ग गेलाच, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

शेवटच्या एसटीआधी मी छत्री न्यायला परत गेलो. कॉलेज रिकामं होतं. मॅडम लॅबच्या दारात खाली बसल्या होत्या. गॉगल नाही, मास्क नाही, हातात मोजे नाहीत. मुख्याध्यापकांनी पाय दिलेल्या कोपऱ्यातली पावडर उघड्या बोटांच्या चिमटीत धरून तो पुसलेला नाचणारा माणूस त्या परत काढत होत्या. जमत नव्हतं. एक पाय लांब, एक आखूड.

मी खाकरलो. त्या दचकल्या नाहीत.

"मला नाय येत, सर," त्या म्हणाल्या. "घरी आई काढायची. ती गेल्यावर माझ्या दारात कोणी काढलीच नाय." मग जरा सरकून त्यांनी माझ्यासाठी जागा केली. "तुमी बघा. दुसरा पाय कसा घेऊ?"

मलाही येत नव्हतं. एसटी गेली तरी आम्ही बसलो होतो.