टीव्हीपुढच्या चपला

उस्मानचाचा टीव्ही लावण्याआधी त्याच्यापुढे बायकी चपलांची एक जोडी मांडायचे. रोज संध्याकाळी, न चुकता, फडक्यानं पुसून.

चिंचवडजवळच्या काळेवाडीत आमच्या शेजारच्या खोलीत ते एकटे राहायचे. कारखान्यात टर्नर, लोखंड कातणारे. खिळा असो की माणूस, सूतभर वाकडं खपत नसे. "सरळ पायजे, राव!" टीव्हीवर बघायचे फक्त कामगारांचा कार्यक्रम, तोही काचेला नाक लावून. नाटक-सिनेमा लागला की उठून भाकऱ्या थापायला.

मी तेव्हा पंचविशीची, मॅट्रिक पास, म्हणून स्वतःला फार शहाणी समजायची. त्या शहाणपणाचा निकाल एका शनिवारी लागला. ह्यांच्या कंपनीनं मैदानात पडदा बांधून इंग्रजी सिनेमा दाखवला. त्यात एका घरातल्या टीव्हीमधली माणसं एकेक करून बाहेर येतात आणि घरच्यांना आत ढकलतात. इंग्रजी मला ओ की ठो कळलं नाही. पण घाबरायला कुठं इंग्रजी लागतं?

घरी येताच सेटवर गोधडी टाकली, वर वरवंटा. हे म्हणाले, "अगं, बातम्या तरी बघू दे."

"बघा की. उद्या तो बातम्यावाला तुमच्या ताटावर येऊन बसला तर मला हाक मारू नका."

मग चाचांच्या चपला आठवल्या. भूत चामड्याच्या चपलेला भितं, हे आईनं शिकवलेलंच होतं. म्हणजे चाचांना सगळं आधीच ठाऊक! मी ह्यांचे कंपनीचे लोखंडी टोकाचे बूट सेटपुढे ठेवले, टोकं काचेकडे. कुणी आलाच तर नडगीवर बसावी. आठवडाभरात, माझ्याच उपदेशानं, आळीतल्या तिन्ही टीव्हींपुढे बूट. पुरुषमंडळी वहाणा घालून शिफ्टला.

तरी खात्री हवी, म्हणून चाचांना बोलावून मांडणी दाखवली. त्यांनी मान हलवली.

"उलटे ठेवले, ताई. टोकं खोलीकडं पायजेत."

"मग बाहेर येणाऱ्याला लागणार कसं?"

"लागायला कशाला? मी घालायला ठेवतो." ते खाली बसले, बूट फिरवून सरळ केले. "माझ्याकडच्या चपला हमीदाच्या हायेत."

हमीदाभाभी म्हणजे त्यांची बायको. आम्ही इथं येण्याआधीच वारलेल्या. त्या रेडिओच्या कारखान्यात होत्या, तेव्हा टीव्हीवाले येऊन कामावरच्या बायकांचं चित्रण करून गेले. घरी सेट नव्हता. दोघांनी चिंचवडच्या एका दुकानाबाहेर उभं राहून पाहिलं. पडद्यावर भाभींनी मान वर केली, हसल्या, संपलं.

"घरात तिचा एक फोटो न्हाई," चाचा म्हणाले. "टीव्हीवाल्यांकडं हाय. दाखवतील परत. न दाखवून जातील कुठं?"

"पण चपला, चाचा?"

"कारखान्यात चपला दाराशी काढायला लागायच्या. टीव्हीत तशीच बसलेली ती, अनवाणी. तुमचा सिनेमा मी पण बघितला, ताई. सगळे ओरडत होते. मला वाटलं, येतात तर येऊ द्या की." मग जरा लाजून म्हणाले, "फरशी गार असती."

ह्यांचे बूट ह्यांना परत दिले, गोधडी घडी करून ठेवली.

चाचांचे गुडघे धरलेले. वारा सुटला की त्यांचा अँटेना वाकडा व्हायचा आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. तेव्हापासून कामगारांच्या कार्यक्रमाआधी पदर खोचून मीच पत्र्यावर चढायची, अँटेनाचं तोंड सिंहगडावरच्या टीव्हीच्या मनोऱ्याकडे फिरवायची आणि ओरडायची, "दिसतंय का, चाचा?"

खालून आवाज यायचा, "अजून न्हाई. पण चित्र सरळ हाय. ऱ्हाऊ द्या तसंच."