तुळाजी रणपिसे यांनी गळा विकिला त्याची हकीकत

श्रीकुलस्वामी समर्थ. मोबाईलची रेंज अखंड राहो, ऐकणाराचे कान शाबूत राहोत. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयी एक राज्य होते, त्याचे नाव लिहिल्यास लिहिणाराचे काम जाते, सबब लिहिले नाही. त्या राज्यी महागाई माजली आणि महिना पगाराहून लांब जाहला. मग प्रजा हुजुरांत गेली की, खावंद, पुरत नाही. हुजुरांनी फार विचार करून आज्ञा केली की, पगार वाढविणे नाही. प्रत्येकाचे हाती मोबाईल आहे, त्यातून घरबसल्या जोडधंदा करावा आणि रडू नये. मोबाईलही हुजुरांनी दिला नव्हता, ज्याने त्याने हप्त्याने घेतला होता, परंतु हुजुरांस सांगणार कोण. मग सर्व प्रजा ऑनलाईन मोहिमेस निघाली. मास्तर दिवसा आपल्या शाळेतील पोरांचे निबंध तपाशीत आणि संध्याकाळी परमुलखातील पोरांचे निबंध लिहून देत. दवाखान्यातील सिस्टर न पाहिलेल्या हॉटेलांस पाच पाच तारे देत. एक कारकून म्हशीस टोपी घालून तिचे रील काढू लागला. म्हैस प्रसिद्धीस पावली, कारकून तैसाच राहिला. कोणी सुखाने जेवीत नव्हते. घास हाती आणि डोळा पडद्यावर, की आले काय, जमा जाहले काय.

त्या राज्यातील एका कसब्यात तुळाजी रणपिसे म्हणोन दवंडीवाले होते. नगरपालिकेची रिक्षा, तिजवर भोंगा, आणि रिक्षात एकटे तुळाजी, एक हात हँडलास आणि एक हात माइकास. नळाला पाणी कधी येणार, कोणाचे पोर हरवले, कोण वारले, हे सर्व तुळाजींनी सांगावे आणि कसब्याने ऐकावे. त्यांची एक रीत होती. मयताची दवंडी देणे असली की आधी स्वतः त्या घरी जावे, चपला उंबऱ्याबाहेर काढाव्या, मयताचे तोंड पाहावे, मगच माइक हाती घ्यावा. आणि प्रत्येक दवंडीचे आरंभी म्हणावे, "ऐका हो ऐका, तुळाजी जाऊन बघून आलाय." एवढे कानी पडले की बायका चुलीवरील तवा उतरवीत आणि पुरुष खांद्यावर टॉवेल टाकून निघत. पुन्हा खरे का खोटे, असे कोणी पुसत नसे. तुळाजींचे घरी दुसरी इस्टेट नव्हती; हा शब्द तेवढा होता.

पुढे नगरपालिकेने दवंडीचा ठेका दिला, आणि ठेकेदाराने पगार दाबिला, आणि तुळाजींची लेक परगावी नर्सिंग शिकत होती तिची वसतिगृहाची फी तटली. तेव्हा तुळाजींचे मेहुणे सर्जेराव घरी आले. हे गृहस्थ सर्व धंद्यांत होते आणि कोणत्याच धंद्यात नव्हते. ते बोलते जाहले, "दाजी, देवानं असला गळा दिलाय आणि तुम्ही तो रिक्षात कुजवताय. विका की. परमुलखात कंपनी आहे, आवाज विकत घेती."

अनसाबाई, म्हणजे तुळाजींचे कुटुंब, चहा गाळीत होत्या. त्या म्हणाल्या, "आवाज विकल्यावर ह्यांच्याकडं काय राहील?"

"अगं अक्का, आवाज म्हणजे काय बैल आहे का, दावणीवरनं सोडून न्यायला? त्यांच्याकडं पण राहतो, ह्यांच्याकडं पण राहतो."

हे तुळाजींस पटले. गरजवंतास काय पटत नाही. मोबाईलवर अटींचे भारूड आले, सर्जेरावांनी ते बोटाने सर्रकन वर सारले, तुळाजींनी तळाशी "मंजूर" दाबिले, आणि वाचले कोणीच नाही. मग भर दुपारी, बाहेरचा गलका आत येऊ नये म्हणोन, डोक्यावरून गोधडी घेऊन तुळाजी मोबाईलपुढे बसले, आणि घामाने भिजत कंपनीने धाडिलेली वाक्ये वाचू लागले. आनंदाने वाचा, रागाने वाचा, आर्जवाने वाचा. शेवटी हुकूम आला की, ज्या आवाजावर आपले लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात त्या आवाजात वाचा. तुळाजी मनुष्य इमानी. त्यांनी घसा साफ केला आणि जन्मभराचे सवयीने प्रत्येक वाक्यापुढे "ऐका हो ऐका, तुळाजी जाऊन बघून आलाय" हे लाविले. गळ्याबरोबर जामीनही दिला. पैसे आले, फी भरली गेली, अनसाबाई म्हणाल्या, "देव पावला."

मग एके दिवशी बाजारात अंगणवाडीच्या इंदूताई शेवाळे भेटल्या. त्या विधवा, संसार तोलून मापून चालविणाऱ्या. त्या हसून म्हणाल्या, "तुळाजीदादा, तुमचा फोन आला म्हणून त्या घरबसल्या कामाची नोंदणी केली बघा. दुसरं कुणी म्हणालं असतं तर फोन ठेवला असता."

तुळाजी म्हणाले, "कसला फोन?"

"असं काय करता? जाऊन बघून आलाय म्हणालात की. कंपनी पक्की आहे, अनामत भरा म्हणालात. साठवलेलं होतं तेवढं भरलं."

गोधडीखाली विकिलेला गळा कंपनी यंत्राने बोलवून फोन करिते, हे तुळाजींस उमगले. दवंडीची वेळ जाहली म्हणोन ते तेथून निघाले. येथेच चुकले. मग त्यांस कोठे बसवेना. भाजीवाल्याचे खिशात फोन वाजे आणि आतून तुळाजी बोलत. सलूनात बोलत, गिरणीत बोलत, देवळाच्या पायरीवर बोलत. तुळाजी तोंड मिटून उभे आणि तुळाजींचा आवाज गावभर हिंडतो आहे, असे जाहले. एकदा त्यांचाच फोन वाजला. उचलिला तो आवाज आला, "ऐका हो ऐका, तुळाजी जाऊन बघून आलाय." हे घाबरून म्हणाले, "अहो, मीच तुळाजी." तिकडून मोठ्या मायेने उत्तर आले, "वा तुळाजी, आपले नाव नोंदवून घेतले आहे." यांचे हातून फोन गळून पडिला.

मग चौकीवर गेले. हवालदार म्हणाले, "आवाज तुझा, मंजूर दाबणारा अंगठा तुझा, पैसे तू घेतले. चोरी झाली ती कुणाची आणि चोर कोण, ते आधी ठरवून ये." सर्जेराव म्हणाले, "दाजी, गप बसा. विकलं म्हणून कबूल केलंत तर गाव आधी तुम्हाला धरील. कंपनी कुणी बघितलीय?" तुळाजींस दोन्ही बोलणी खरी वाटली. भयाने त्यांनी अर्धेच सत्य काढिले. भोंगा लावून फिरले की, फोनवरचा तुळाजी खोटा, त्याचे ऐकू नका. आपण होऊन गळा विकिला, हे गिळले. लोकांनी ऐकिले, परंतु त्याच दिवसापासून फोनवरचा तुळाजी सांगू लागला की, भोंग्यावरचा तुळाजी खोटा, त्याचे ऐकू नका. गिरणीवाले जंबूशेठ रिक्षा अडवून म्हणाले, "अरे, आवाज तोच, ऐका हो तेच, शपथ तीच. आम्ही कुठल्या तुळाजीचं ऐकायचं? त्यापेक्षा दोघंही गप बसा." मंडळी हसली. तुळाजीही हसले, आणि त्या हसण्याने घसा सोलवटला.

येणेप्रमाणे चालले असता नळाचे पाणी सोडणारे दगडूमामा एके सकाळी वारले. सर्व कसबा ज्याचे हातचे पाणी प्याला तो मनुष्य. तुळाजी घरी गेले, चपला काढिल्या, तोंड पाहिले, आणि बाहेर येऊन दवंडी दिली. गल्लोगल्ली फिरले. कोणी तवा उतरविला नाही. एक बाई खिडकीतून म्हणाली, "आता मेलेल्याच्या नावानं पैसे मागणार वाटतं," आणि खिडकी लाविली. दुपार कलली. मामांचा मुलगा ओट्यावर बसला होता, तो म्हणाला, "काका, तुम्ही सांगितलं ना सगळीकडं?"

तुळाजी म्हणाले, "सांगितलं रे."

"मग कुणीच कसं येईना? बाबांनी काय कुणाचं वाईट केलं होतं?"

तिरडी बांधून तयार, आणि खांदा द्यावयास माणसे पुरेनात. मग त्यांनी रिक्षा तेथेच सोडिली आणि अनवाणी इंदूताईंचे दारी गेले. ताईंनी दार उघडिले आणि तसेच लावू लागल्या, तेव्हा तुळाजींनी चौकटीस हात लाविला.

"ताई, दगडूमामा गेले."

"जाऊन बघून आलाय का?" ताई थंडपणे बोलल्या.

"ते नाही म्हणत आता. आधी दुसरं ऐका. तो फोन खोटा नव्हता. गळा माझाच. मी विकला, पैसे घेतले, पोरीची फी भरली. तुमचे बुडाले ते माझ्या तोंडानं बुडाले."

ताईंनी दार लावणे थांबविले. मग म्हणाल्या, "बाजारात भेटलास तेव्हा का नाही बोललास?"

"भ्यालो."

"मला भीती नाही होय? आज माझ्या घरात चार दिवसांचं पीठ नाही." एवढे बोलून त्यांनी चपला पायात घातल्या. "तुझ्या शब्दावर येत नाही. मामांनी माझ्या घरी सुतक असताना रात्री पाणी सोडलं होतं, म्हणून येते."

मग ताईंनी मामांचे घरी जाऊन पाहिले, आणि परत गल्लीत येऊन दारोदार सांगितले, आणि माणसे निघाली. जो येई तो आधी आत जाऊन मयताचे तोंड पाही, मग खांद्यावर टॉवेल टाकी. तुळाजींनी तिरडीस खांदा दिला. कोणी नको म्हटले नाही, कोणी ये म्हटले नाही. स्मशानात अग्नी दिल्यावर दोन शब्द बोलून मंडळींस शांत उभे राहावयास सांगणे, हे त्या कसब्यात तुळाजींचे काम. ते पुढे जाहले. त्यांनी तोंड उघडिले आणि सर्व मंडळींच्या माना एकदम वर आल्या, जैसा फोन वाजला. तुळाजींनी तोंड मिटिले आणि मागे जाऊन उभे राहिले. मग जंबूशेठ खाकरून, अडखळत, चुकीचे वय सांगून दोन शब्द बोलले, आणि सर्वांनी ते खरे मानिले.

येणेप्रमाणे हकीकत जाहली. कंपनी सापडली नाही, कारण कोणी शोधिली नाही. ज्यांनी पगार दाबिला त्यांस कोणी पुसले नाही, ज्यांनी जोडधंदा करा म्हणोन आज्ञा केली त्यांचा सत्कार जाहला. पुढे हुजुरांनी कृपाळू होऊन प्रत्येक फोनवर इशारा लाविला की, प्रजेने अनोळखी आवाजावर विश्वास ठेवू नये. तो इशारा कोणाचे गळ्यातून वाजतो हे त्या कसब्यातील लहान पोरही सांगेल. अनसाबाईंचे फोनवर तो वाजतो तेव्हा त्या कट करीत नाहीत, पुरता ऐकतात. घरात आता तुळाजींचे तेवढेच बोलणे होते.