मोटारीच्या पोटात गोडं तेल

पन्हाळ्याचा चढ अर्धा झाला आणि त्र्यंबकराव वकिलांच्या जुन्या मोटारीतली इंजिनातल्या तेलाचा दाब दाखवणारी सुई धपकन शून्यावर आली. वकिलांनी तिथल्या तिथे इंजिन बंद केलं. मागे त्यांची पुतणी पद्मजा जरीच्या साडीत बसली होती. गडावर आज तिची सुपारी फुटायची होती. शेजारी वकिलांच्या थोरल्या बहीण अक्का, मांडीवर गोड्या तेलाचा डबा कवटाळून. बावन्न साल, तेलाची टंचाई. पंगतीचं तळण आमच्याकडून, असा शब्द अक्कांनी मुलाकडच्यांना दिला होता.

"चालतेय तोवर चालवायची की!" अक्का म्हणाल्या.

"अगं, आत लोखंडी दांडा फिरतो. पंप तेल रेटतो, दांडा ते अंगाखाली ओढून घेतो आणि त्यावर तरंगतो. थर केसाहून पातळ, पण लोखंडाला लोखंड शिवत नाही. तेल गेलं की घासून, तापून सगळं चिकटून बसतं."

"तरंगतो? पुरीसारखा?"

"पुरी हलकी असते, अक्का. हा दोघांनी मिळून उचलायचा दांडा!"

देव्हाऱ्याकडे बघावं तशा अक्का मोटारीकडे बघू लागल्या.

मागून पिराजी नावाचा गाडीवान बैलगाडी घेऊन आला. "पावणं, खालपास्नं रस्ताभर त्याल सांडत आलाय की! गाडीखाली बगा."

वकील कोट काढून खाली शिरले. तळाचं बूच ढिलं झालं होतं. ते त्यांनी आवळलं. पण आत घालायला तेल कुठलं? गडावर भटजी मुहूर्त धरून बसलेले. सगळ्यांच्या नजरा हळूहळू एकाच ठिकाणी गेल्या.

"नाही हं!" अक्कांनी डबा छातीशी धरला. "पंगतीला कच्च्या पुऱ्या वाढू?"

"आत्या," पद्मजा पहिल्यांदाच बोलली, "पुऱ्यांवाचून सुपारी फुटेल. माझ्यावाचून कशी फुटेल?"

डबा रिता झाला. वकिलांनी हँडल मारलं. इंजिन खोकलं, सुरू झालं. सुई पडूनच. मग ती थरथरली आणि सावकाश उठून उभी राहिली.

अक्कांकडून दांड्याची गोष्ट ऐकून पिराजीनं नकळत डोक्याचा पटका उतरवला. "आयला! जेवनाच्या त्यालावर लोकंड तरंगतंया!"

गडावर पोचेपर्यंत इंजिन तापलं आणि मुलाकडच्यांच्या दारात त्यातून भज्यांचा घमघमाट सुटला. मुलाचे वडील आण्णा, मोठे कडक गृहस्थ, बाहेर आले. "वा! तळण सुरू झालं वाटतं?"

"सगळं तेल मोटार प्यायली," अक्का रडवेल्या झाल्या. वकिलांनी घाईघाईने दांड्याची हकिगत सांगितली. आता सोयरीक मोडते, अशी त्यांची खात्री झाली होती.

आण्णांच्या भुवया वर गेल्या. "म्हणजे तो दांडा आत्ता, या घटकेला, तरंगतोय?"

"हो."

आण्णा मोटारीत जाऊन बसले आणि सुईकडे टक लावून बघत राहिले. भटजींची हाक आली. मुलगा बोलवायला आला. आण्णा हलेनात.

"इंजिन बंद करू का?" वकिलांनी भीतभीत विचारलं.

"खबरदार!" आण्णा कुजबुजले. "सुपारी इकडंच आणा."

सुपारी मोटारीच्या पायरीवर फुटली.